भुंकून त्याला मिळतं काय?



धुळ्यात बोलायला उभं राहायचं म्हणजे जरा दडपणच येतं. इथल्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. त्याच गावात मी जळगावहून एरंडोल-पारोळा करत आलो, तो कुत्र्यामांजरांच्या वागण्यावर बोलायला! विषय कळवला तेव्हा व्याख्यानमालेच्या संयोजकांपैकी एकांनी फोनवर हळूच विचारलं, 'डॉक्टर, तासभर पुरेल ना?' पुरेल. नाव कुत्र्याचं असलं तरी बोलायचं आहे ते बरंचसं आपल्या घरांविषयी.

मी जनावरांचा डॉक्टर. सुरुवातीच्या काळात माझ्याकडे येणाऱ्या तक्रारी ठरलेल्या असायच्या. म्हैस खात नाही, गाय रवंथ करत नाही, बैल लंगडतो. आता जळगावच्या नव्या कॉलन्यांमधून लॅब्राडॉर येतात, जर्मन शेफर्ड येतात, पर्शियन मांजरी येतात आणि तक्रार असते, 'ऐकत नाही.' पाहुण्यांवर धावून जातो, एकटा ठेवला की दार खरवडतो, ताटाजवळ कोणी गेलं की गुरगुरतो. मागे साक्रीकडच्या एका शेतकऱ्याने कुत्रा टेबलावर आणून ठेवला आणि म्हणाला, 'हाऊ कुत्रा भलता वांड से डॉक्टर, याले एखादं इंजेक्शन द्या.' वांडपणावर इंजेक्शन असतं तर ते माणसांच्या डॉक्टरांनी आधी शोधलं असतं.

अशा वेळी ज्याच्याकडे पाठवावं तो माणूस म्हणजे वर्तन सल्लागार. शहरातले लोक त्याला पेट बिहेविअर कन्सल्टंट किंवा नुसतं बिहेविअरिस्ट म्हणतात. मुंबईत शिरीन मर्चंट यांच्यासारख्यांनी हे काम बऱ्याच वर्षांपूर्वी सुरू केलं, आता पुण्यातही अशी माणसं भेटतात. आपल्या खान्देशात मात्र अशी पाटी मी अजून पाहिलेली नाही. आपल्याकडे पाटी असते डॉग ट्रेनरची. ट्रेनर येतो, कुत्र्याला 'सीट', 'स्टे', 'शेकहँड' शिकवतो. ते चांगलंच आहे. पण शेकहँड करणारा कुत्राही दुसऱ्या मिनिटाला दूधवाल्याला चावू शकतो, कारण शेकहँडचा आणि दूधवाल्याच्या भीतीचा काही संबंध नसतो. सल्लागार हुकूम शिकवण्यापासून सुरुवात करत नाही. तो एक प्रश्न घेऊन घरात शिरतो आणि शेवटपर्यंत तोच धरून बसतो: हे असं वागून याला मिळतं काय?

हा प्रश्न जुना आहे. अमेरिकेत थॉर्नडाइक नावाच्या तरुणाने १८९८ साली उपाशी मांजरं लाकडी खोक्यांत कोंडली आणि बाहेर मासळीचा तुकडा ठेवला. मांजर आत धडपडायचं, ओरबाडायचं, आणि कधीतरी चुकून पंजा त्या दोरीवर पडायचा जिच्यामुळे दार उघडतं. पुढच्या वेळी ते थोडं लवकर जमायचं, त्याच्या पुढच्या वेळी आणखी लवकर. ज्या कृतीनंतर फायदा होतो ती कृती वाढते, एवढंच त्याने सांगितलं. रशियातल्या पावलोव्हची गोष्ट तुम्हाला शाळेपासून माहीत आहे. त्यांना १९०४चं नोबेल मिळालं ते खरं म्हणजे पचनावरच्या कामासाठी. पण त्यांच्या कुत्र्यांना अन्न यायच्या आधीच, अन्नाची नुसती चाहूल लागली की लाळ सुटायची, आणि त्यातून पुढचं सगळं उभं राहिलं. जगभरचे वर्तन सल्लागार आज जे करतात त्याचा पाया या दोन गोष्टींत आहे. बाकी सगळी त्यावरची बारीक कारागिरी, पण ती कारागिरीच अवघड आहे.

ती कशी असते ते एका घरातून दाखवतो. जळगावातला बंगला, तीन वर्षांचा जर्मन शेफर्ड. गेटवर कोणीही आलं, कुरियरवाला, सिलिंडरवाला, मीटर बघणारा, की हा गेटवर झेप घेणार आणि घसा फाटेस्तोवर भुंकणार. एक दिवस गेट उघडं राहिलं आणि दूधवाल्याची पँट गुडघ्यापासून खाली फाटली. घरात दोन पक्ष पडले. मुलगा म्हणत होता, कुत्रा देऊन टाकू. आजोबा म्हणत होते, मग मलाही देऊन टाका.

मी त्यांना पुण्यातल्या एका सल्लागार बाईंशी व्हिडिओ कॉलवर जोडून दिलं. त्यांनी पहिली अट घातली ती माझ्यासाठी होती: आधी कुत्रा तपासा. कान, दात, कंबर, गोचीडतापासाठी रक्त. दुखणारं जनावर चिडकं होतं, आणि दुखणं न शोधता वागणं सुधारायला बसणं म्हणजे वेळ फुकट. इथे धुळ्यातलीच एक मांजर आठवते. ती गादीवर मुतायची आणि घरचे तिला 'खुनशी' म्हणायचे. तिच्या मूत्राशयाला सूज होती. औषध झालं, मातीचा ट्रे वॉशिंग मशीनच्या धडधडाटापासून दूर नेला, खुनशीपणा संपला. बोक्याच्या बाबतीत तर याहून सावध राहा. बोका ट्रेमध्ये बसून जोर करतोय आणि लघवी होत नाहीये असं दिसलं, तर सल्लागार नको आणि उद्या सकाळही नको. त्याच दिवशी दवाखाना गाठा. मूत्रमार्ग तुंबला तर एक-दोन दिवसांत तो दगावतो. आणि लस न दिलेल्या जनावराचं वागणं एकाएकी बदललं, गरीब होतं ते अंगावर येऊ लागलं, आवाज बदलला, गिळता येईना, तर मनात आधी रेबीज आणा. अशा जनावराच्या तोंडात हात घालू नका. कोणालाही चावा किंवा ओरखडा असेल तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि थेट सरकारी दवाखान्यात लस घ्यायला जायचं. हळद, चुना, मिरची यातलं काहीही लावायचं नाही.

आमचा शेफर्ड निरोगी निघाला. मग बाईंनी घरच्यांना एक लांबलचक प्रश्नावली दिली. कुत्रा घरी आला तेव्हा किती दिवसांचा होता, झोपतो कुठे, खायला कोण घालतं, दिवसातून किती वेळ एकटा असतो. मुलगा वैतागला. म्हणाला, 'कुत्रा भुंकतो एवढं साधं आहे, यांना आमच्या घराचं जनगणनेचं रजिस्टर कशाला पाहिजे?' सुनेने मात्र नातवाची अर्धी कोरी वही घेतली आणि बाईंनी सांगितलं तसे तीन रकाने आखले. भुंकण्याच्या आधी काय झालं. कुत्र्याने काय केलं. आणि त्यानंतर घरातल्या कोणी काय केलं.

गंमत तिसऱ्या रकान्यात होती. पहिल्या दोन रकान्यांत रोज तेच: बेल, भुंकणं, झेप. तिसऱ्यात सुनेने प्रामाणिकपणे लिहिलं होतं: 'कुरियरवाला निघून गेला. बाबांनी "गप रे राजा" म्हणून पार्ले-जी दिलं.' दुसऱ्या दिवशी: 'सिलिंडर ठेवून माणूस गेला. बाबांनी बिस्कीट दिलं.' कुत्र्याच्या बाजूने बघा. एक अनोळखी माणूस घरावर चालून येतो, मी भुंकतो आणि तो पळतो. दर वेळी पळतो! कुरियरवाला पाकीट देऊन जाणारच होता हे त्याला कोण सांगणार? त्याच्या लेखी रोज लढाई आणि रोज विजय, आणि वर आजोबांकडून बक्षीस. पगारही मिळतो आणि बोनसही, मग नोकरी कोण सोडेल?

मला या बाईंचं कौतुक वाटलं ते पुढच्या गोष्टीसाठी. आजोबांना दोष देणं सोपं होतं. मुलगा वही वाचून तयारच बसला होता. बाई म्हणाल्या, बिस्कीट बंद करायचं नाही, फक्त त्याची वेळ बदलायची. आणि हे काम आजोबांनीच करायचं, कारण घरात दिवसभर तेच असतात आणि कुत्रा त्यांचंच ऐकतो. आधी काही दिवस कुत्रा गेटपर्यंत पोहोचणारच नाही अशी सोय करायची. ओट्यावर लाकडी फाटक बसवलं, पुढच्या खिडकीच्या खालच्या अर्ध्या काचेला दुधी कागद लावला. चुकीच्या वागण्याचा सराव बंद झाल्याशिवाय नवं काही शिकवता येत नाही. मग दिवाणखान्याच्या कोपऱ्यात एक सतरंजी. सतरंजीवर बसला की आजोबांकडून बिस्किटाचा नखाएवढा तुकडा. (पुढे बिस्किटाऐवजी पनीर आलं, कुत्र्याचं वजन बघून मीच सांगितलं.) मग मोबाइलवर बेलचा आवाज, अगदी बारीक, ऐकू येईल न येईल इतका, आणि लगेच तुकडा. आवाज रोज किंचित वाढवायचा. कुत्रा ताठ झाला, कान पुढे गेले, खाणं थांबवलं, की आपण घाई केली असं समजून एक पायरी मागे यायचं. मग खरी बेल, पण वाजवणारा नातू. मग शेजारी. दूधवाला सगळ्यात शेवटी, गेटच्या बाहेरून, आणि तोही पनीर फेकून.

मधे एक आठवडा असा आला की भुंकणं आधीपेक्षा वाढलं. मुलाने मला फोन करून सांगितलं, बाई फसवताहेत. लोकांचा धीर नेमका इथेच सुटतो, म्हणून जरा थांबून सांगतो. ज्या वागण्याला इतके दिवस फळ मिळत होतं ते अचानक मिळेनासं झालं, की जनावर आधी ते वागणं सोडत नाही, जोर लावतं. तुम्ही दोन दिवस धीर धरता आणि तिसऱ्या दिवशी कंटाळून एक बिस्कीट टाकता. तेव्हा कुत्र्याने शिकलेलं असतं की थोडं नाही, फार भुंकावं लागतं. आणि कधी मिळतं, कधी नाही, असं झालं तर सवय आणखी घट्ट होते. मटक्याचा आकडा लावणारा माणूस आठवा. त्याचा आकडा रोज लागला असता तर न लागल्या दिवशी त्याने नाद सोडला असता. कधीतरी लागतो म्हणूनच तो आयुष्यभर लावत राहतो. जेवताना आजी दहा वेळा 'हट्' म्हणते आणि अकराव्या वेळी भाकरीचा तुकडा टाकते, तिथे पाटाशेजारचा कुत्रा उठणार कसा?

भाकरीवरून नामदेव महाराज आठवले. कुत्र्याने पोळी पळवली आणि महाराज तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले. भक्तीचा अर्थ कीर्तनकारांनी सांगावा. पण चप्पल किंवा मोजा तोंडात धरून पळणाऱ्या कुत्र्याबद्दल सल्लागारही जवळपास हेच सांगतो: हिसकावू नका, बदल्यात त्याहून चांगलं काही द्या. हिसकावत गेलात तर तो वस्तू राखायला शिकतो, आणि राखणारा कुत्रा एक दिवस चावतो.

आता धाकाबद्दल. 'कुत्र्याला धाक पाहिजे, घरात मालक कोण ते कळलं पाहिजे,' हे मी रोज ऐकतो. त्याच्या मागे एक इतिहास आहे. रुडॉल्फ शेंकेल यांनी बासलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांचं निरीक्षण करून १९४७ साली लिहिलं. एकमेकांना अनोळखी लांडगे एका कुंपणात कोंडलेले, ते भांडले, आणि त्यातून 'कळपाचा दादा' ही कल्पना आली. अमेरिकेतल्या डेव्हिड मेक यांनी १९७०च्या पुस्तकातून ती जगभर नेली. मग त्याच मेक यांनी मोकळ्या रानातले लांडगे वर्षानुवर्षं पाहिले आणि १९९९ साली स्वतःच लिहिलं की रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आईबाप आणि त्यांची पोरं. दादागिरीचं चित्र कोंडवाड्यातलं होतं. विद्वानाने स्वतःचं म्हणणं मागे घेतलं, पण आपल्याकडचे काही ट्रेनर अजून कुत्र्याला जमिनीवर उलटं दाबून 'मालक' होताहेत. खिळ्यांचे पट्टे, विजेचे झटके देणारे पट्टे ऑनलाइन सहज मिळतात. त्यांनी भुंकणं थांबतंही, मी नाकारत नाही. पण भीती तिथेच राहते, फक्त तिचा आवाज बंद होतो.

गुरगुरणं ही त्यातली सगळ्यात गैरसमजाची गोष्ट. गुरगुरणारा कुत्रा सभ्य असतो. तो सांगतोय, लांब राहा, मला हे सोसत नाही. त्याआधीही त्याने बरंच सांगितलेलं असतं: तोंड फिरवलं, जांभई दिली, नाक चाटलं, डोळ्यांचा पांढरा भाग दाखवला, अंग ताठ केलं. आपण ते वाचत नाही. घरातलं लहान पोर कुत्र्याच्या गळ्यात हात टाकतं, आपण फोटो काढतो, आणि त्याच फोटोत कुत्रा जांभई देत असतो. मग तो गुरगुरतो, आपण त्याला फटका देतो. असे चार फटके बसले की तो गुरगुरायचं सोडतो आणि पुढच्या वेळी थेट चावतो. मग लोक म्हणतात, 'काही न सांगता चावला.'

शेतावरच्या कुत्र्यांविषयी बोललं पाहिजे, कारण आपल्या भागात केळीच्या बागा आणि कापसाचे ढीग राखायला हजारो कुत्री बांधलेली आहेत. चार हात साखळी, खुंटा, एक पत्र्याचं भांडं. भ्यायलेल्या जनावरापुढे दोन वाटा असतात, पळायचं किंवा लढायचं. साखळीने पहिली वाट बंद केली. मग तो लढतो आणि आपण म्हणतो, राखणीला तेज आहे. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६०चा आहे. अवजड किंवा अवाजवी आखूड साखळीने जनावर गैरवाजवी काळ बांधून ठेवणं हा त्यात गुन्हा आहे, आणि नेहमी बांधून ठेवलेल्या कुत्र्याला मालकाने पुरेसं फिरवलं नाही तर तोही. हे कलम वाचून दाखवलं की लोक हसतात. हसा, पण सकाळ-संध्याकाळ साखळी सोडून बांधावरून फिरवा. राखणीत काही कमी होणार नाही.

राखणदार कुत्रा कसा घडतो ते बघायचं तर साक्री तालुक्यातल्या ठेलारी लोकांच्या वाड्यावर जा. पिल्लू मेंढरांच्या वासात, कोकरांच्या धक्क्यांत वाढतं. मोठं झालं की मेंढरं त्याला आपलीच वाटतात आणि बाहेरून येणारा लांडगा परका. त्याला कोणी 'सीट' शिकवलेलं नसतं. अमेरिकेत स्कॉट आणि फुलर या दोघांनी वर्षानुवर्षं पिल्लं वाढवून हेच मोजलं आणि १९६५ साली पुस्तकात मांडलं: साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू जे बघतं, हुंगतं, ऐकतं, ते त्याला जन्मभर आपलं वाटतं. आपल्या शहरांत हीच खिडकी वाया जाते. पिल्लू आईपासून महिनाभरातच तोडलं जातं, खोक्यात घालून बसने येतं, आणि लसी पूर्ण होईपर्यंत खोलीत बंद. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला २०१७च्या नियमांनी मनाई आहे, हे विकणाऱ्याला सुनवा. आणि लसी पूर्ण व्हायच्या आत पिल्लू जमिनीवर सोडू नका, पण कडेवर घेऊन हिंडवा. रिक्षा, हेल्मेट घातलेला माणूस, नऊवारीतली आजी, लांबून वाजणारा लग्नाचा बँड, सगळं दाखवा. आमच्या शेफर्डने पहिले चार महिने गच्चीवर काढले होते. वहीत ते पहिल्याच पानावर होतं.

एक खास आपल्याकडची गोष्ट. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास असताना जळगावात हस्की पाळणाऱ्यांना मी काय सांगू? त्याची फर सैबेरियाच्या थंडीसाठी आहे. दिवसभर फरशीवर धापा टाकणारं, रात्री नीट न झोपणारं जनावर चिडचिड करणारच. दुपारी डांबरी रस्त्यावर नेलं तर पंजे भाजतात आणि मग ते पट्टा बघूनच पळतं. सल्लागार इथे तुम्हाला वर्तनाचं काहीच सांगणार नाही. उन्हं वर यायच्या आत फिरवा, कूलरसमोर ओलं गोणपाट टाका, एवढंच सांगेल. त्याची फी घ्यायला त्याला लाज वाटेल, तरी घेईल.

सल्लागार निवडायचा कसा? आपल्या देशात या धंद्याला परवाना लागत नाही, उद्या मीही पाटी लावू शकतो. म्हणून प्रश्न तुम्ही विचारायचे. जनावर चुकलं तर तुम्ही काय करता? डॉक्टरशी बोलाल का? घरातल्या सगळ्यांना बसवणार का, की फक्त कुत्र्याला? 'महिनाभर माझ्याकडे ठेवा, सरळ करून देतो, गॅरंटी' असं म्हणणाऱ्यापासून लांब राहा. तुमचा कुत्रा तुमच्या गेटवर, तुमच्या बेलला, तुमच्या आजोबांसमोर भुंकतो. त्याच्या कंपाउंडात तो शहाणा होईलही, घरी आल्यावर पुन्हा जुना हिशेब सुरू. आणि औषध लागलं तर ते सल्लागाराने नाही, डॉक्टरने द्यायचं. एकटेपणाने कासावीस होणाऱ्या कुत्र्यांसाठी क्लोमिप्रॅमिन अमेरिकेत १९९८ साली मंजूर झालं, फ्लुओक्सेटिन २००७ साली. आपल्याकडेही ही औषधं देता येतात. पण त्यांना असर करायला आठवडे लागतात आणि सोबत सराव चालू नसेल तर ती एकट्याने फारसं काही करत नाहीत. घरच्यांच्या गोळ्या कुत्र्याला देऊन बघू नका.

आता त्या शेफर्डचं काय झालं? सुधारला, पण गोष्टीतल्यासारखा नाही. बेल वाजली की सतरंजीवर जातो आणि आजोबांकडे बघत बसतो. दोन-तीनदा भुंकतोच, आणि बाईंनी सांगितलं, तेवढं भुंकू द्या, तो कुत्रा आहे. गेट उघडायचं असेल तेव्हा ओट्यावरचं फाटक लावलेलं असतं. बाहेर जाताना तोंडाला जाळी. तीही हळूहळू, आतून दही चाटायला देत शिकवली, त्यामुळे जाळी दिसली की शेपटी हलवतो. अनोळखी माणसाने त्याला हात लावावा असं ते घर आता म्हणत नाही आणि पुढेही म्हणणार नाही. काही जनावरांचं इतकंच होतं. ज्या घरात लहान मूल आहे आणि कुत्रा खोल चावा घेऊन बसला आहे, तिथे सल्लागार कधी कधी 'दुसरं घर बघा' असंही सांगतो. ते ऐकण्याचीही तयारी ठेवूनच त्याला फोन करावा.

चिठ्ठ्या बऱ्याच आलेल्या दिसतात. चावण्याबद्दलच्या आधी घेतो, सोफा कुरतडण्याच्या नंतर. आणि ही एक चिठ्ठी 'शेजाऱ्याचा कुत्रा' म्हणून आहे, ती शेजारीही सभागृहात असतील तर आपण बाहेर बोलू.